हृदयाचं 'डिजिटल जुळं' : बाबांच्या निर्णयात याचा काही उपयोग आहे का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच दिसते, आज विषय वेगळा आहे.

बाबा ६८ वर्षांचे, सांगलीला असतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अटॅक आला. ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. घरी सोडताना टूडी इको केला त्यात ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३२ टक्के आला. डॉक्टर म्हणाले, ३५ किंवा त्याखाली असलं की ठोके अचानक बिघडून माणूस जाण्याचा धोका असतो, तेव्हा शॉक देणारं मशीन (आयसीडी) बसवून घ्या. पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली आहे. खर्च लाखांत आहे. बाबा म्हणतात, "मला बरं वाटतंय, छातीत बॅटरी कशाला?" आई म्हणते, आजच बसवा. भाऊ सिंगापूरला, तो रोज एक लिंक पाठवतो.

कालची लिंक अशी होती. लंडनचं किंग्ज कॉलेज, इंपिरिअल कॉलेज आणि ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट यांनी मिळून २०२५ मध्ये ३८०० हून जास्त खऱ्या माणसांच्या हृदयांच्या 'डिजिटल ट्विन' बनवल्या. एमआरआय आणि ईसीजी घ्यायचा, त्यावरून संगणकात त्याच माणसाचं हृदय उभं करायचं आणि प्रयोग त्याच्यावर करायचे. भाऊ म्हणतो, "आता सरासरीवर औषधोपचार करायचे दिवस गेले. बाबांचं असं मॉडेल करून घेऊ, तेच सांगेल मशीन लागेल की नाही."

हे खरंच होतं का? भारतात कुठे करून मिळतं का? की भाऊ नेहमीप्रमाणे दहा वर्षं पुढे आहे?

---

वरणभात | सोमवार, रात्री १०:५२

बाबांना लवकर आराम पडो. बाकी ३५ चा आकडा दहावीनंतर पुन्हा असा आडवा येईल असं वाटलं नव्हतं. वाचतोय.

---

खवचट_काकू | सोमवार, रात्री ११:०५

इथे एक हृदय सांभाळताना नाकी नऊ, त्यात जुळं! दोघांची पथ्यं कोण करणार?

(ताई, हलके घ्या. काळजी घ्या.)

---

मेश_वाला | सोमवार, रात्री ११:४८

मी डॉक्टर नाही. चाकणला गाड्यांच्या क्रॅश सिम्युलेशनमध्ये पंधरा वर्षं घासली आहेत, त्यामुळे या भानगडीची अर्धी बाजू कळते.

गाडी भिंतीवर आपटायच्या आधी आम्ही संगणकात आपटतो. पत्र्याचे लाखो छोटे तुकडे पाडायचे, त्याला जाळी किंवा मेश म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याला बलाची समीकरणं लावायची. हृदयाचंही तसंच करतात. एमआरआयच्या चकत्यांवरून भिंतीचा आकार काढायचा, त्याची जाळी करायची, स्नायूचे धागे कुठल्या दिशेने वळलेत ते नियमाने भरायचं आणि मग विजेची लाट त्यातून कशी पसरते ते सोडवायचं. शेवटी संगणकातल्या हृदयाचा ईसीजी काढून खऱ्या ईसीजीशी ताडून बघायचा. जुळत नसेल तर लाटेचा वेग बदला, पुन्हा चालवा.

समीकरणं नवी नाहीत. हृदयाच्या पेशीचं पहिलं गणिती मॉडेल डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये लंडनला केलं, तेही हॉजकिन-हक्स्ले यांच्या १९५२ च्या मज्जातंतूच्या समीकरणांना हृदयासाठी मुरड घालून. अडत होतं ते आकार काढण्यापाशी. एकेका माणसाच्या चित्रात हृदयाची कड हाताने रेखायला तज्ज्ञाला खूप वेळ लागायचा. २०१८ मध्ये इंपिरिअलच्या मंडळींनी ४८७५ माणसांची, हाताने रेखलेली ९३,५०० चित्रं दाखवून न्यूरल नेटवर्कला ते काम शिकवलं, आणि ते माणसाच्या तोडीने रेखायला लागलं. असं काहीतरी हाताशी आलं म्हणून हजारो हृदयं करता आली. नाहीतर ३८०० हृदयं करेपर्यंत करणारेच रिटायर.

आता माझी शंका. गाडीचा पत्रा कुठल्या ग्रेडचा आहे ते मला सप्लायरच्या कागदावर मिळतं. जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा कापून चाचणी कोण करणार? म्हणून गुणधर्म उलटे, ईसीजीवरून काढतात. गंमत अशी की दोन वेगवेगळ्या गुणधर्मांच्या जोड्या एकच ईसीजी देऊ शकतात. आमटी आंबट झाली हे कळतं, पण चिंच जास्त पडली की कोकम, ते नुसतं चाखून सांगायचं झालं.

---

अडकित्ता | मंगळवार, सकाळी ७:१५

मेश_वाला, प्रतिसाद आवडला. पण 'ट्विन' ही मूळची तुमच्याच कारखान्यातली कल्पना ना? विमानाच्या इंजिनाची प्रतिकृती संगणकात ठेवायची, खऱ्या इंजिनावरचे सेन्सर तिला सतत माहिती पुरवत राहायचे, इंजिन झिजलं की प्रतिकृतीही झिजायची. इथे एकदाच एमआरआय काढून जे बनवलं त्याला जुळं का म्हणायचं? तो फोटो झाला. फार तर पुतळा.

शिवाय मराठीत काय म्हणायचं? 'डिजिटल जुळं' म्हटलं की कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ आठवतात. माझी सूचना : हृदयबिंब.

---

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी ७:४०

हृदयबिंब नको, भावगीत वाटतं. 'तोतया' म्हणा. पानिपतापासून आपल्याला सवय आहे.

---

वरणभात | मंगळवार, सकाळी ७:४४

तोतया +१. "रिपोर्ट आला, तोतयाचा ईसीजी नॉर्मल आहे."

---

झंपी | मंगळवार, सकाळी ९:३०

तोतयाच खरं! आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीआधी एका खासगी लॅबने शिबिर लावलं होतं. 'एआय हार्ट ट्विन'सकट पॅकेज, ४९९९ रुपये. रक्त घेतलं, ईसीजी काढला, वजन केलं. ना एमआरआय, ना इको. चार दिवसांनी गुळगुळीत कागदावर फाइल आली, पहिल्या पानावर लालनिळं हृदय, खाली 'युअर हार्ट ट्विन'. माझी आणि नवऱ्याची फाइल शेजारी ठेवली तर दोन्हींवर हुबेहूब तेच चित्र, रक्तवाहिनीच्या फाट्यासकट! लग्नाला बावीस वर्षं झाली, मनं जुळली नाहीत, हृदयं जुळली.

फोन केला तर म्हणे, "मॅडम, ते रिप्रेझेंटेटिव्ह आहे."

---

मेश_वाला | मंगळवार, सकाळी १०:०२

झंपीताई, =)) ज्यात तुमच्या हृदयाचं एकही चित्र गेलेलं नाही ते तुमचं जुळं नव्हे. या विषयात एवढी एक ओळख पुरेशी आहे.

---

स्टॉकपोर्टकर | मंगळवार, दुपारी ३:२०

कृष्णाकाठ यांच्या भावाने पाठवलेल्या त्या कामातली बहुतेक हृदयं यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या, संशोधनासाठी जमवलेल्या आरोग्य-माहितीच्या संग्रहातली आहेत, आणि मी त्या बायोबँकेतला एक नमुना आहे. त्या ३८०० तला आहे की नाही ते मला कोणी सांगणार नाही, नावं काढून टाकलेली असतात.

२००६ ते २०१० मध्ये इथे ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांची नोंदणी झाली. पत्र आलं तेव्हा बायको म्हणाली, फुकट चेकअप होतोय, जा. गेलो. रक्त, लघवी, वजन, मुठीची ताकद आणि खाण्यापिण्याचे शंभर प्रश्न. 'आठवड्यातून किती वेळा प्रोसेस्ड मीट खाता' याचं उत्तर सोपं होतं. पण पोहे, उपमा, थालीपीठ हे कशात धरायचं यावर मी आणि ती बाई बराच वेळ अडलो.

पुढे २०१४ पासून त्यातल्या एक लाख लोकांचं स्कॅनिंग सुरू झालं, ते जुलै २०२५ मध्ये पूर्ण झालं. मेंदू, हृदय, पोट यांचे एमआरआय, हाडांचा स्कॅन, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. चार-पाच तास मोडतात. हृदयाच्या वाट्याला त्यातली वीस मिनिटं. "श्वास आत, बाहेर, रोखा" हे इतक्यांदा ऐकलं की परतताना ट्राममध्येही सिग्नलला श्वास रोखत होतो.

आणि फुकट चेकअप हा बायकोचा गैरसमज. रिपोर्ट हातात देत नाहीत. स्कॅन करणाऱ्याच्या नजरेला काही गंभीर दिसलं तरच तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरला कळवतात. हे संशोधनासाठी दिलेलं दान आहे, परतफेडीची अपेक्षा ठेवायची नाही.

आता खरं सांगायचं ते हे. त्या दिवशी प्रतीक्षागृहात आम्ही दहाबारा जण होतो, त्यात सावळा मी एकटा. बायोबँकेत गोरे नसलेले शंभरात पाचसहाच. शिवाय ९० लाखांहून जास्त लोकांना पत्रं गेली होती, त्यातले जेमतेम साडेपाच टक्के आले. म्हणजे मुळात तब्येतीची काळजी घेणारे, सवड असलेले, धडधाकट. २०१७ मध्ये याच बायोबँकेतून हृदयाच्या 'नॉर्मल' मापांचे तक्ते निघाले ते सुमारे ८०० निरोगी लोकांवरून, आणि ते सगळे गोरे. तसं त्यांनी शीर्षकातच प्रामाणिकपणे लिहिलं आहे. त्या मापाचा शर्ट सांगलीच्या काकांना कसा बसेल?

---

पेठेबाहेर | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

स्टॉकपोर्टकर काकांच्या मुद्द्याला जोड. त्या ३८०० जुळ्यांच्या अभ्यासाचं एक निरीक्षण असं की वय आणि लठ्ठपणा यांनी हृदयाचे विजेचे गुणधर्मच बदलतात. ठीक. पण लठ्ठपणा कशाने मोजला? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन.

आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला होता. दोघे शेजारी उभे, पांढरे शर्ट, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून तुपाळ. एका आकड्यावर दोन माणसं किती वेगळी असतात हे तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. बीएमआय २२ च्या गोऱ्या माणसावरून शिकलेलं मॉडेल बीएमआय २२ च्या देशपांड्यांना तेच गुणधर्म चिकटवणार का?

आणि आपल्याकडे हा रोग लवकरही गाठतो. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, बाकी जगात जवळपास ५९.

---

मेश_वाला | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

पेठेबाहेर, मुद्दा मान्य, पण थोडी गल्लत होतेय. जुळ्याचा आकार तुमच्याच एमआरआयमधून येतो, तो ब्रिटिश नसतो. जे मोजता येत नाही तेवढ्याच जागी लोकसंख्येची सरासरी भरतात. देशपांड्यांचं हृदय देशपांड्यांचंच, फक्त वायरिंग करताना काही ठिकाणी ब्रिटिश मानकं वापरली, असं म्हणा.

आणि हजारोंच्या अभ्यासाचा फायदा बघा ना. बायकांचा आणि पुरुषांचा ईसीजी थोडा वेगळा दिसतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होतं. वायरिंग वेगळं की घर लहानमोठं, हे कागदावरच्या रेघेवरून कळत नव्हतं. जुळ्यांमध्ये आकार बाजूला काढता आला तेव्हा दिसलं की फरक मुख्यतः हृदयाच्या आकारमानाचा आहे, वीज वाहून नेण्याचा नाही. हे एकट्यादुकट्या माणसाच्या मॉडेलवरून कधीच कळलं नसतं.

---

खवचट_काकू | मंगळवार, संध्याकाळी ७:००

म्हणजे बायकांचं हृदय लहान, हे सिद्ध करायला ३८०० तोतये लागले. आमच्या सासूबाई फुकटात सांगायच्या.

---

वरणभात | मंगळवार, संध्याकाळी ७:०३

ठ्ठो!

---

चौथी_सीट | मंगळवार, रात्री ९:१५

सगळे विज्ञानात रमलेत, मला वेगळीच भीती. हे जुळं राहणार कुणाच्या सर्व्हरवर? उद्या विमा कंपनीने म्हटलं, "तुमच्या जुळ्याला मागच्या मंगळवारी सतरा वेळा अटॅक आला, हप्ता दुप्पट," तर? २०२३ चा आपला डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण जुळं म्हणजे माझा डेटा की कंपनीचं उत्पादन?

---

अडकित्ता | मंगळवार, रात्री ९:४०

पत्रिकेसारखंच की. लोक लग्नाआधी पत्रिका मागतात, पुढे जुळं मागतील. "मुलगा चांगला आहे हो, पण जुळ्यात शनी आहे."

---

ठोका | मंगळवार, रात्री ११:३०

ओपीडी आणि दोन ॲन्जिओप्लास्ट्या उरकून आत्ता धागा वाचला. हृदयरोगतज्ज्ञ आहे. तोतयापासून पत्रिकेपर्यंत सगळं छान चाललंय, पण मूळ पोस्टमधली एक गोष्ट कुणाच्याच नजरेत आली नाही. तीन आठवडे.

कृष्णाकाठताई, पेशंट न बघता सल्ला देत नाही. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगतो.

अटॅकनंतर सगळा अशक्त स्नायू मेलेला नसतो. बराचसा नुसता थिजलेला असतो, रक्त पुन्हा मिळाल्यावर काही आठवड्यांत तो हलायला लागतो. म्हणून धोक्याच्या ठोक्यांचा इतिहास नसलेल्या पेशंटला, केवळ ईएफ कमी आहे म्हणून आयसीडी बसवायचा असेल तर मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबा. ॲन्जिओप्लास्टी झाली असेल तर साधारण तीन महिने औषधं पूर्ण मात्रेत द्या, मग इको पुन्हा करा आणि तेव्हा ठरवा. हा कंजूषपणा नाही. 'डिनामिट' नावाच्या चाचणीत, २००४ मध्ये, ६७४ लोकांवर हे पाहिलं होतं. अटॅकनंतर सहा ते चाळीस दिवसांत मशीन बसवलेल्यांमध्ये ठोके बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

उलटही सांगतो, नाहीतर धागा वाचून कुणी मशीन नाकारायचं. 'मॅडिट-२' मध्ये, २००२ साली, जुन्या अटॅकच्या आणि ईएफ ३० किंवा त्याखाली असलेल्या १२३२ लोकांत आयसीडीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. मशीन जीव वाचवतं. प्रश्न आहे कुणाला आणि कधी. बाबांना अटॅकच्या पहिल्या दोन दिवसांनंतर कधी शुद्ध हरपली होती का, शॉक द्यावा लागला होता का, व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे धोक्याचे जलद ठोके) दिसला होता का? असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, थांबायचं नाही. हे पहिलं विचारा.

आता जुळ्याबद्दल. ३५ हा आकडा ढोबळ आहे हे आम्हालाही कळतं. एकच इको दोघांनी वाचला तर ईएफमध्ये चारपाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. ३५ च्या खालच्या कितीतरी जणांचं मशीन आयुष्यात एकदाही शॉक देत नाही, आणि अचानक जाणाऱ्यांतले बरेच जण ३५ च्या वरचे असतात. याच दुखण्यावर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नतालिया ट्रायानोवा यांनी काम केलं. मेलेल्या स्नायूचा व्रण जिथे जिवंत स्नायूत मिसळतो तिथे वीज गोल गोल फिरायला लागते, खरा धोका तो. त्यांनी ४१ पेशंटांच्या एमआरआयवरून व्रणासकट हृदयं संगणकात बांधली, वेगवेगळ्या जागांहून विजेने टोचून पाहिली आणि कुणात भोवरा तयार होतो ते बघितलं. २०१६ मध्ये छापलेल्या त्या कामात आभासी हृदयाचा अंदाज ईएफपेक्षा बराच सरस ठरला. पण पेशंट ४१ होते, आणि तेही मागे वळून पाहिलेले.

स्टॉकपोर्टकर, तुमच्या त्या वीस मिनिटांच्या एमआरआयमध्ये इंजेक्शन दिलं नसेल. बरोबर? त्या इंजेक्शनातल्या गॅडोलिनियमशिवाय व्रण तसा उजळून दिसत नाही. म्हणजे लाख लोकांच्या त्या संग्रहात आकार आहे, हालचाल आहे, पण कृष्णाकाठच्या बाबांच्या प्रश्नाचं जे उत्तर, तो व्रण नाही. दोन्ही कामांना 'जुळं'च म्हणतात, पण एक निरोगी समाजाचा नकाशा आहे आणि दुसरं एका आजारी माणसाचा. पहिल्यावरून दुसऱ्याचा निर्णय होत नाही. तुमच्या भावाची गल्लत इथे झाली.

---

स्टॉकपोर्टकर | बुधवार, पहाटे ४:५०

बरोबर, इंजेक्शन नव्हतं. धडधाकट माणसाला संशोधनासाठी टोचायचं नाही असा विचार असावा. पण हा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

---

चौथी_सीट | बुधवार, सकाळी ८:२०

ठोका सर, मग रोजच्या प्रॅक्टिसमध्ये यातलं काहीच आलेलं नाही का?

---

ठोका | बुधवार, दुपारी २:०५

एक आलंय, फक्त कुणी त्याला जुळं म्हणत नाही. रक्तवाहिनीतला अडथळा खरोखर रक्त अडवतो का, हे पूर्वी आत तार घालून दाब मोजूनच कळायचं. ०.८० किंवा त्याखाली आलं की अडथळा गंभीर. आता सीटी ॲन्जिओवरून त्या पेशंटच्या वाहिन्यांचं मॉडेल करून प्रवाहाच्या गणिताने तोच आकडा तार न घालता काढतात. हार्टफ्लो कंपनीच्या या चाचणीला अमेरिकेत नोव्हेंबर २०१४ मध्ये परवानगी मिळाली.

दुसरं, औषधांच्या चाचण्या. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६२ औषधं आभासी मानवी पेशींवर तपासली. ठोके बिघडवण्याचा धोका ८९ टक्के वेळा बरोबर ओळखला, सशांवरच्या प्रयोगांत तो आकडा ७५ च्या आसपास होता.

---

खवचट_काकू | बुधवार, दुपारी २:३०

सशांचा दुवा तोतयांना लागेल. हे मी गंभीरपणे म्हणतेय.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:१५

ठोका सर, कसे आभार मानू कळत नाही. डिस्चार्ज कार्ड शब्द न् शब्द वाचलं. शुद्ध हरपणं, शॉक, व्हीटी यातलं काही नाही. उद्या सांगलीला जातेय, प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. 'थिजलेला स्नायू' हा शब्द आईला फार पटला. म्हणाली, "फ्रिजातल्या तुपासारखं ना? मग थांबू."

मेश_वाला, आमटीचं उदाहरण भावाला पाठवलं. उत्तर नाही.

---

कृष्णाकाठ | अकरा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहून जायला नको.

डॉक्टरांना भेटलो. प्रश्नांचा कागद पाहून आधी थोडे वैतागले, मग खुर्ची पुढे ओढून नीट बोलले. सध्या थांबू म्हणाले. चार गटांची औषधं सुरू झाली, मात्रा हळूहळू वाढवली. गेल्या आठवड्यात पुन्हा इको झाला : ईएफ ३८. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच रेकॉर्डिंग पाहून ३६ सांगितलं. सर, चारपाच टक्क्यांचं तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी पाहिलं. पुण्याला नेऊन इंजेक्शनचा कार्डिॲक एमआरआयही केला, किडनीचे रिपोर्ट बघून. खालच्या भिंतीत व्रण आहे, लहान आहे. मशीन आता नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, मध्ये चक्कर किंवा धडधड झाली तर तडक या, असं ठरलंय. काळजी संपली असं नाही. रात्री बाबा कूस बदलले तरी आई उठून बसते.

भावाने काल नवी लिंक पाठवली. मी उघडली नाही.

बाबांना जुळ्याची सगळी गोष्ट सांगितली. म्हणाले, "ते तयार झालं की त्याला अळणी जेवायला घाला. मी इकडे भडंग खातो."

---

ठोका | रविवार, दुपारी १२:४०

छान वाटलं वाचून.

भडंग नको.